रेफरन्स वेग किती नव्हे, कोणते?

नवीन आलेलं पोर पहिला मायग्रेशन जॉब लावायला बसलं की मागे वळून एकच प्रश्न विचारतं, "मॅडम, रेफरन्स किती ठेवू? तीन का पाच?" सव्वीस वर्षं सायझ्मिक प्रोसेसिंग करतेय, पण या प्रश्नाला मी अजून आकड्यात उत्तर दिलेलं नाही. मी उलट विचारते, "व्हेलॉसिटी मॉडेल उघडून बघितलंस का?" व्हेलॉसिटी मॉडेल म्हणजे जमिनीखाली कुठे लाटेचा वेग किती याचा नकाशा. बहुतेक वेळा तो बघितलेला नसतो. म्हणून हे एकदाच लिहून ठेवतेय.

हे रेफरन्स लागतातच का, ते आधी. जहाजामागून ओढलेल्या केबलवर किंवा जमिनीवर पेरलेल्या जिओफोनवर जमिनीखालचे प्रतिध्वनी येतात. ते जिथून आले तिथे परत नेऊन ठेवणं म्हणजे मायग्रेशन. गाझ्डाग यांनी १९७८ मध्ये फेज शिफ्टची, म्हणजे लाटेचं आवर्तन पुढेमागे सरकवण्याची, पद्धत दिली. लाटांचं फुरिए रूपांतर करा, एका पायरीएवढं, म्हणजे दहा-वीस मीटर, खाली उतरवा, परत या. पद्धत देखणी आणि झटपट, सगळे डिप, म्हणजे थरांचे उतार, सांभाळणारी. अट एकच: त्या पायरीत डावीकडून उजवीकडे वेग एकच हवा. जमिनीला ही अट कुणी कळवलेली नाही. म्हणून १९८४ मध्ये गाझ्डाग आणि स्ग्वाझेरो यांनी तोडगा काढला. तीच पायरी दोन-चार वेगवेगळ्या ठरावीक वेगांनी उतरवायची आणि मग मॉडेलच्या प्रत्येक उभ्या रकान्यात तिथल्या खऱ्या वेगाला जवळच्या दोन उत्तरांतून मधलं उत्तर काढायचं. हे दोन-चार ठरावीक वेग म्हणजे रेफरन्स. पुढे १९९० मध्ये स्टोफा आणि सहकाऱ्यांनी स्प्लिट-स्टेप पद्धत मांडली. तिच्यात एकच रेफरन्स घेतात आणि खऱ्या वेगाशी असलेला फरक प्रत्येक रकान्यात फेज दुरुस्तीने भरून काढतात. आज आपण वापरतो ती बहुतेक या दोन्हींची खिचडी असते: अनेक रेफरन्स आणि प्रत्येकाला दुरुस्ती.

आमच्या घराजवळ तयार ब्लाउजचं एक दुकान आहे. तिथे चौतीस, छत्तीस, अडतीस अशी मापं असतात आणि कोपऱ्यात आल्टर करणारी बाई मशीन घेऊन बसलेली असते. रेफरन्स वेग म्हणजे ती तयार मापं, आणि स्प्लिट-स्टेपची दुरुस्ती म्हणजे आल्टरवाली. या दुकानातल्या दोन गोष्टी तुम्हाला जॉबभर उपयोगी पडतील. एक, आल्टर करून कंबर बसते, पण खांदा चुकला असेल तर तो चुकलेलाच राहतो. सरळ खाली जाणारी लाट ही कंबर, दुरुस्तीने ती तंतोतंत बसते. तिरकी लाट हा खांदा. दोन, मोठं माप आत घेता येतं, छोटं माप सोडता येत नाही, कारण शिलाईत तेवढं मार्जिनच नसतं. मोठं माप म्हणजे खऱ्यापेक्षा कमी वेगाचा रेफरन्स, छोटं माप म्हणजे जास्त वेगाचा. उलट वाटतं, पण आकडे घालून बघा म्हणजे पटेल.

समजा एका रकान्यात खरा वेग सेकंदाला २५०० मीटर आहे आणि तुम्ही ती पायरी ३३४० च्या रेफरन्सने उतरवली. २५०० भागिले ३३४० म्हणजे ०.७४८५, आणि ज्याचा साइन इतका येतो तो कोन ४८.५ अंश. या रकान्यातली ४८.५ अंशांपेक्षा तिरकी प्रत्येक लाट ३३४० च्या गणितात वर्गमुळाखाली उणे होते, म्हणजे मरते. रेफरन्स ४४८० असेल तर ही सीमा ३३.९ अंशांवर येते. मग दुरुस्ती लावा नाहीतर आणखी काही करा, मेलेली लाट परत येत नाही. खऱ्यापेक्षा कमी वेगाचा रेफरन्स लाट मारत नाही, फक्त फेज चुकवतो. एक लाट घ्या: २५०० चा रकाना, ४५ अंश, ४० हर्ट्झ, दहा मीटरची पायरी. रेफरन्स २२०० धरला तर दुरुस्तीनंतरही दर पायरीला सुमारे ०.०४६ रेडियन चूक उरते. क्षुल्लक वाटते. पण एक किलोमीटर उतरायला शंभर पायऱ्या लागतात आणि तळाशी पोचेपर्यंत ती ४.६ रेडियन होते, म्हणजे जवळजवळ पाऊण आवर्तन. रेफरन्स २५०८ धरला तर त्याच शंभर पायऱ्यांत ०.१३ रेडियन. सरळ खाली जाणाऱ्या लाटेला दोन्हीकडे शून्य.

हे शेवटचं वाक्य दोनदा वाचा. त्याची किंमत मी मोजलेली आहे, पुढे सांगते.

आता निवड कशी करायची. हाताखाली पडलेली सवय अशी असते की त्या खोलीवरचा सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त वेग घ्यायचा आणि मधे समान अंतराने खुंट्या ठोकायच्या. वेग डावीकडून उजवीकडे हळूहळू वाढत असेल तर चालून जातं. मॉडेलमध्ये मीठ, म्हणजे गाळात घुसलेला मिठाचा घुमट, असेल तर फसतं. सरावाला सगळे एसईजी आणि ईएजीई या भूभौतिकीच्या संस्थांचं सॉल्ट मॉडेल घेतात. त्यात मिठाचा वेग सुमारे ४४८० आहे आणि भोवतालचा गाळ त्याच्या जेमतेम अर्ध्यावर. तसल्या मॉडेलमधली एक खोली समजून दहा रकाने लिहिते: २२००, २२४०, २३००, २३२०, २४५०, २४८०, २५००, २६००, ४४८०, ४४८०. समान अंतराने तीन रेफरन्स काढले तर २२००, ३३४०, ४४८०. मधल्या मापाचं गिऱ्हाईक गावात एकही नाही! पण २५०० वाला रकाना २२०० आणि ३३४० मधून उत्तर काढणार, आणि त्यातल्या ३३४० ने काय केलं ते वर पाहिलंच.

म्हणून खुंट्या रेंज बघून नाही, गर्दी बघून ठोकायच्या. यासाठी मला सगळ्यात भरवशाची वाटते ती लॉइडची रीत. स्टुअर्ट लॉइड यांनी ती १९५७ मध्ये बेल लॅब्समध्ये सिग्नलचे आकडे ठरावीक पातळ्यांवर बसवण्यासाठी काढली. छापून यायला १९८२ उजाडलं. स्टॅनफर्डच्या रॉबर्ट क्लॅप यांनी ती रेफरन्स वेगांना लावली. कागदावर एकदा करून बघा, पाच मिनिटं लागतात.

वरचे तीन वेग घ्या. त्यांच्या मधल्या सीमा २७७० आणि ३९१०. पहिल्या खणात आठ रकाने पडतात, दुसऱ्यात कुणीच नाही, तिसऱ्यात दोन. प्रत्येक खणाचा रेफरन्स म्हणजे त्यातल्या रकान्यांची सरासरी: पहिल्याची २३८६, तिसऱ्याची ४४८०. रिकामा खण काढून टाका आणि ज्या खणात पसारा जास्त आहे तो सरासरीवर दोन भाग करून फोडा. खालच्या चौघांची सरासरी २२६५, वरच्या चौघांची २५०८. पुन्हा सीमा काढा, २३८६ च्या आसपासच येते. कुणी खण बदलत नाही, थांबा. यादी झाली २२६५, २५०८, ४४८०. रेफरन्स तेवढेच तीन, पण २५०० च्या रकान्याची सीमा आता वरच्या रेफरन्सनेही ८५ अंशांवर गेली. २२०० वाल्या रकान्याची सीमा ७६ अंश आली, कारण सरासरी त्याच्या वर बसली. तिथे खरोखर उभ्या भिंती दाखवायच्या असतील तर मी २२६५ हाताने खाली ओढून २२०० करते. संगणकाची यादी आली म्हणजे तिला हात लावायचा नाही असं कुठे लिहिलेलं नाही.

२६०० वाला रकाना मात्र नीट बघा. त्याच्या खाली २५०८ आणि वर थेट ४४८०. प्रोग्रॅम निमूटपणे या दोघांतून मधलं काढायला जाईल. जाऊ देऊ नका. अशी दरी असेल तर इंटरपोलेशन बंद करून जवळचा एकच रेफरन्स आणि दुरुस्ती, एवढंच. मी सेटिंगमध्ये साधा नियम ठेवते: लगतच्या दोन रेफरन्समधलं अंतर खालच्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असेल तर त्या दोघांमध्ये इंटरपोलेशन नाही. हा एक चतुर्थांश माझा अंदाज आहे, वेदवाक्य नाही.

हिशोब वेगात करायचा की वेगाच्या व्यस्तात, यावर आमच्याकडे चहाच्या वेळी वाद होतात. मी व्यस्तवाली. २२०० आणि २४०० मध्ये २०० चाच फरक, ४५०० आणि ४७०० मध्येही २०० चाच. पण एक भागिले वेग काढलं तर पहिला फरक दुसऱ्याच्या चौपट भरतो, आणि फेज त्या व्यस्तावर चालते. वरच्या, सावकाश थरांत खुंट्या दाट आणि खाली विरळ हव्यात ते याचमुळे. वरचं उदाहरण मी वेगात केलं ते फक्त तोंडी हिशोब सोपा जावा म्हणून.

संख्येचं काय? बागाइनी, बोनोमी आणि पिएरोनी यांनी १९९५ मध्ये एन्ट्रॉपीवरून संख्या ठरवायची युक्ती दिली. वेगांचा हिस्टोग्रॅम करा, म्हणजे कोणत्या वेगाचे रकाने किती ते मांडा, त्याची एन्ट्रॉपी, म्हणजे वेग किती विखुरलेत त्याचं माप, काढा, ई चा तितकावा घात घ्या, आला तो आकडा म्हणजे साधारण तितके रेफरन्स. वरच्या दहा रकान्यांना शंभर-शंभरच्या खणांनी लावून बघा: ५.७ येतो. दोनशे-दोनशेचे खण केले तर ३.६. दहा रकाने तेच, जमीन तीच, खणाची रुंदी बदलली आणि दोन रेफरन्स उडाले. म्हणून एन्ट्रॉपीचा आकडा मी सल्ला म्हणून घेते. खर्चाचा हिशोब मात्र पक्का करते. दर पायरीला, दर फ्रिक्वेन्सीला जायचं फुरिए एकदा आणि यायचं प्रत्येक रेफरन्सला एकदा. तीन रेफरन्सना चार फेऱ्या, आठांना नऊ. म्हणजे सव्वादोनपट वेळ, आणि तुमच्यामागे रांगेत दुसऱ्या कुणाचा जॉब उभा असतोच. प्रत्येक पायरीला सारखीच संख्या ठेवायचीही गरज नाही. जिथे सगळे रकाने एकाच वेगाचे आहेत तिथे एक रेफरन्स पुरतो, तिथे वाचलेला वेळ मिठाच्या खोलीवर खर्च करा.

पाणी हा वेगळा कप्पा. पाण्याचा वेग १५०० च्या आसपास, तो आपल्याला नेमका माहीत असतो आणि मॉडेलमधला तेवढाच आकडा निर्विवाद असतो. त्याला सरासरीत ढकलू नका. एखाद्या पायरीत एक जरी रकाना पाण्याचा असला तरी पाण्याचा रेफरन्स जसाच्या तसा यादीत हवा. मुंबई हायला पाणी सुमारे ७५ मीटर, सात-आठ पायऱ्यांत विषय संपतो. पण कृष्णा-गोदावरीच्या खोल समुद्रात तळ उताराचा आणि दऱ्यांनी कापलेला आहे. तिथे कितीतरी पायऱ्यांत अर्धे रकाने पाणी आणि अर्धे मऊ गाळ असतात. तिथे पाण्याचा रेफरन्स गाळाच्या सरासरीत विरघळला की तळाखालचं सगळं चित्र पाण्यासारखंच लाटा मारतं.

मिठाचं उदाहरण पाठ केलेली मुलं आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येऊन चुकतात. इथे मीठ नाही. मुंबई हाय १९७४ मध्ये सापडलं ते चुनखडीत, आणि त्या सगळ्या खोऱ्याच्या तळाशी बहुतेक ठिकाणी आपलाच दख्खनचा बसाल्ट आहे. फॉल्टमुळे, म्हणजे खडक भेगेवरून सरकल्यामुळे, तळ वरखाली झालेला, त्यामुळे एकाच खोलीवर गाळ, चुनखडी आणि बसाल्ट तिन्ही सापडतात. हिस्टोग्रॅमला उंटासारखी दोन वशिंडं नसतात, मधली दरी चुनखडीने भरलेली असते. म्हणजे मिठाच्या उदाहरणात जे मधलं माप फुकट गेलं त्याला इथे गिऱ्हाईक आहे! इथे मिठाच्या सवयीने आंधळेपणाने मधला रेफरन्स उडवलात तर चुनखडीचे रकाने उपाशी राहतील.

शिवाय बसाल्ट म्हणजे मीठ नव्हे. मिठाच्या घुमटात वेग जवळजवळ सगळीकडे सारखा. बसाल्टचं तसं नाही. ताम्हिणी किंवा वरंध घाटात रस्त्याकडेची कापलेली दरड बघा. घट्ट काळा कातळ, त्यावर फुगे आलेला भुसभुशीत थर, दोन प्रवाहांच्या मधे कुठे विटेसारखा लाल मातीचा पट्टा. घट्ट कातळात वेग पाच हजारांच्या पुढे जाऊ शकतो, फुग्यांच्या आणि लाल पट्ट्यांच्या थरांत तो बराच खाली येतो. मॉडेल करणाऱ्याने बसाल्टला एकच आकडा दिला असेल तर रेफरन्सही एक पुरेल. पण विहिरीतल्या लॉगवरून, म्हणजे तिथे मोजलेल्या नोंदींवरून, थर भरले असतील तर बसाल्टला दोन रेफरन्स द्या आणि सरासरीवर विसंबू नका. आमच्याकडे मॉडेलवाले आणि मायग्रेशनवाले वेगळ्या मजल्यांवर बसतात. जिना उतरून विचारून यायला तीन मिनिटं लागतात.

मॉडेल गुळगुळीत करण्याबद्दल एकच. मायग्रेशनला थोडं गुळगुळीत मॉडेल चालतं, पण रेफरन्स निवडायच्या आधी मिठाच्या किंवा बसाल्टच्या कडेवरून रोलर फिरवू नका. २५०० आणि ४४८० च्या मधे ३१००, ३५००, ३९०० असे जमिनीत नसलेले वेग तयार होतात, हिस्टोग्रॅममध्ये त्यांचीही गर्दी दिसते आणि लॉइड बिचारा इमानाने त्यांनाही खुंटी ठोकतो. आधी निवडा, मग गुळगुळीत करा.

आता ती किंमत. बऱ्याच वर्षांपूर्वी, एका जुन्या ऑफिसात, मी एका पोस्टस्टॅक जॉबसाठी रेफरन्स निवडायचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पोस्टस्टॅकमध्ये, म्हणजे एका जागेच्या अनेक नोंदी आधी एकत्र करून मग मायग्रेशन करताना, जमिनीतला प्रत्येक परावर्तक एकाच क्षणी स्फोट झाल्यासारखा धरतो, लाट एकाच बाजूचा प्रवास करते, म्हणून वेग अर्धा घ्यायचा असतो. मुख्य प्रोग्रॅम अर्धा घेत होता. माझा छोटा प्रोग्रॅम पूर्ण वेगाच्या फाइलवरून यादी काढत होता. यादीत २२०० च्या पुढचे आकडे आणि रकान्यांत ११०० ते १३००. सगळे रकाने यादीच्या खाली पडले, प्रोग्रॅमने त्यांना मुकाट सगळ्यात खालचा रेफरन्स दिला, दुरुस्ती लावली आणि शनिवार-रविवार मशीन चालत राहिलं.

सोमवारी चित्र आलं. आम्ही तिघांनी पाहिलं, विहिरीतल्या खुणांशी ताडलं. सपाट थर मीटरभरही हलले नव्हते. हलणार कसे, सरळ लाटेला दुरुस्ती तंतोतंत बसते ना! आम्ही सही करून पुढे पाठवलं. चार दिवसांनी इंटरप्रिटर बाई, म्हणजे आमच्या चित्रांवरून भूगर्भ वाचणाऱ्या, फाइल घेऊन आल्या. आवाज चढवला नाही, नुसतं बोट ठेवलं. "इथला फॉल्ट गेल्या वर्षीच्या चित्रात होता. कुठे गेला?" ३० ते ३५ अंशांपुढचं सगळं पुसलं गेलं होतं, आणि फॉल्टच्या टोकाला जिथे ठिपका जमायला हवा तिथे वर उघडणारी हसरी कमान होती. ११०० भागिले २२०० म्हणजे अर्धा, आणि साइन अर्धा असतो तो ३० अंशांचा. कागदावर एका ओळीचं गणित, आणि ते करायला मला आणखी दीड दिवस लागला, कारण सपाट थर बरोबर आहेत म्हणजे वेग बरोबर आहे अशी माझी ठाम समजूत होती.

तेव्हापासून खरा डेटा लावायच्या आधी मी एक ठिपका लावते. रिकाम्या डेटात एकच स्पाइक, मॉडेल एकाच वेगाचं, यादी मात्र खऱ्या जॉबची. उत्तर अर्धवर्तुळ यायला हवं, दोन्ही बाजूंनी वरपर्यंत चढलेलं. वाटी ३० अंशांवर कापलेली दिसली किंवा कडा बाहेर फाकलेल्या दिसल्या तर यादीत घोळ आहे. मग तोच ठिपका खऱ्या मॉडेलवर तीन जागी: पाण्याखाली, गाळात, आणि मिठाच्या किंवा बसाल्टच्या कडेला. कडेजवळच्या ठिपक्याची एक बाजू तुटक-तुटक आली तर त्या खोलीवर एक रेफरन्स वाढवा, सगळ्या जॉबभर नको. हे सगळं दहा मिनिटांत होतं.

आणि जॉबच्या लॉगमध्ये प्रत्येक पायरीची रेफरन्स यादी छापून घ्या, शेजारी त्या पायरीतला खरा कमीत कमी आणि जास्तीत जास्त वेगही. जॉब सुरू झाला की पहिल्या वीस ओळी वाचा. समुद्रातला पोस्टस्टॅक जॉब असेल तर पहिल्या ओळीत ७५० दिसायला हवं. १५०० दिसलं तर आधी जॉब थांबवा आणि मग मला फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.